कोणाचे काय गेले?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना नीतिशास्त्राची चर्चा करू नये, हे मला कळते. चकली खुसखुशीत असावी आणि गप्पा तिच्याहून खुसखुशीत असाव्यात, हाच या दिवसांचा धर्म. पण गेल्या दिवाळीत माझ्या घरी जो प्रश्न निघाला, तो फराळाच्या ताटावरच निघाला. तेव्हा माझा नाइलाज आहे.

धुळ्याहून माझ्या बहिणीचा नातू चार दिवसांसाठी जळगावला आला होता. वय वर्षे चौदा. एका हातात शंकरपाळे, दुसऱ्या हातात मोबाइल. आमच्या घरच्या इंटरनेटने त्या आठवड्यात मान टाकली होती; तरी याचा क्रिकेटचा सामना आपला अखंड चालू! खोदून विचारले तेव्हा कळले, की चिरंजीवांनी शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड ओळखून काढला आहे. त्यात फार मोठे कोडे नव्हते म्हणा. त्यांच्या मुलीचे नाव आणि तिचे जन्मवर्ष. मी डोळे वटारले. तो जराही न बिचकता म्हणाला, "आबा, त्यांचे नेट रात्रंदिवस चालूच असते. मी थोडे वापरले, तर कोणाचे काय गेले?"

मी बोलायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. हाच प्रश्न, याच शब्दांत, तीन तपांपूर्वी मी स्वतःला विचारला होता. आणि "कोणाचेच काही नाही" असे उत्तर देऊन मोकळाही झालो होतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. जुन्या जळगावात एका वाड्याच्या माडीवर आम्ही राहत होतो. खाली एका केळीच्या अडत्याची पेढी होती. रावेर-सावद्याकडचा माल दिल्लीला रवाना व्हायचा, म्हणून पेढीवर टेलिफोन होता, आणि तो आमच्या आळीत एकुलता एक होता. त्या काळ्या, जड, गंभीर यंत्राविषयी आम्हा दोघातिघा मित्रांच्या मनात जे आकर्षण होते, ते आजच्या मुलांना समजावून सांगता येणार नाही. ज्याच्या खिशात नदी आहे, त्याला तहानेची गोष्ट कशी सांगावी?

आमची सुरुवात सर्वांची होते तशीच झाली. दोन रिकाम्या काडेपेट्या आणि मधे ताणून धरलेला दोरा. दोरा सैल पडला किंवा कोणी मधे बोट लावले, की आवाज मेला. पुढे भंगारबाजारात एका मोडक्या टेलिफोनचे बोलायचे तोंड सापडले. त्यात कोळशाची बारीक कणी भरलेली असते. आपण बोलू लागलो, की आवाजाच्या लाटेने ती कणी कमीअधिक दाबली जाते, तिच्यातून वाहणारी वीज त्याच तालात थरथरते, आणि दुसऱ्या टोकाला लोहचुंबकापुढची पातळ चकती तो थरथराट पुन्हा आवाजात उतरवते. बॅटरीचे दोन मसाले, थोडी तार आणि उसना आणलेला सोल्डरिंगचा खिळा एवढ्या भांडवलावर आम्ही माडीपासून परसातल्या न्हाणीपर्यंत टेलिफोन चालवला. त्यावरून पहिले वाक्य गेले ते "ऐकू येतंय का?" आणि आलेले उत्तर "काय म्हणालास?" तरी त्या दिवशी आम्हाला आकाश ठेंगणे झाले. त्या आनंदात पाप नव्हते, असे मला आजही वाटते.

पाप पुढे आले, तेही ज्ञानाचा वेष घेऊन आले.

पेढीच्या टेलिफोनच्या डायलला एक चिमुकले कुलूप असे. डायलच्या भोकात ते अडकवले, की चकती फिरत नसे. आलेला फोन घेता येई, पण आपण लावता येत नसे. पण डायल करतो काय? आपण पाचच्या भोकात बोट घालून चकती फिरवून सोडतो, ती परत येताना लाइन पाच वेळा क्षणभर तोडते, आणि एक्स्चेंजमधले यंत्र हे तुटणे मोजते. शून्याला दहा वेळा. आता लाइन तोडणारी आणखी एक वस्तू प्रत्येक टेलिफोनवर असतेच: रिसीव्हर ठेवायच्या जागेची ती दोन बोंडे. ती तालात, एका सेकंदाला दहाच्या बेताने दाबली, तर यंत्राला फरक कळत नाही. डायल कुलूपबंद आणि दार सताड उघडे! हे गुपित त्या काळी गावोगावच्या पोरांना ठाऊक होते. आम्हाला मात्र ते आम्हीच शोधले असे वाटले.

त्याच सुमारास माझ्या ताईचे लग्न होऊन ती धुळ्याला गेली होती. जळगावाहून धुळे म्हणजे काय, एरंडोल गेले, पारोळे गेले, की आलेच. पण आईला ते अंतर सातासमुद्रांचे वाटे. पत्रात सारे क्षेम असे. आणि पत्रात सारे क्षेम आहे, यानेच आईचा जीव टांगणीला लागे. पूर्वीच्या ट्रंक कॉलची धास्तीच होती. ऑपरेटरकडे नंबर नोंदवायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे, आणि घंटेची वाट पाहत बसायचे. ट्रंक कॉल आला म्हटले, की घरातल्या बायका आधी डोळ्यांना पदर लावीत आणि मग कोण गेले ते विचारीत. आता एस.टी.डी. आली होती. देशात ती 1960 साली कानपूर-लखनौ यांच्यामध्ये प्रथम सुरू झाली. आमच्यापर्यंत यायला तिने आपला वेळ घेतला इतकेच.

दुपारी पेढी बंद असे. पेढीच्या दाराची किल्ली विश्वासाने आमच्या घरी टांगलेली असे. एका दुपारी मी आईला खाली नेले आणि बोंडावर बोट ठेवले. दहा, दोन, पाच, सहा, दोन. धुळ्याचा कोड म्हणजे पंचवीस टिचक्या. पुढे ताईच्या शेजाऱ्यांचा नंबर. घंटा वाजली, कोणीतरी ताईला हाक मारली, आणि आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. ती पहिले मिनिटभर काही बोललीच नाही. नुसती ऐकत राहिली.

"शेटजी रागावणार नाहीत ना रे?" तिने मागाहून विचारले.

"त्यांनीच सांगितले आहे, आठवड्यातून एकदा बोलत जा म्हणून," मी म्हणालो.

गणपतीपासून दसऱ्यापर्यंत हा क्रम चालला. मी मनाशी म्हणे, शेटजींच्या मालाच्या वाघिणी भरून जातात, त्यांना पाच-पन्नास रुपयांचे काय? तार आहेच, दुपारी रिकामीच असते. आई सुखावते, ताई सुखावते. कोणाचे काय गेले?

पुढे वाचनात आले, की या धंद्यात आम्ही अगदीच कच्चे होतो. अमेरिकेत 1960-70 च्या सुमारास अशा मुलांचा एक पंथच झाला होता. जो एन्ग्रेसिया नावाचा एक जन्मांध मुलगा, 1949 चा जन्म. त्याला लहानपणीच कळले, की टेलिफोनमध्ये एका विशिष्ट उंचीची शीळ घातली, की लाइन तुटते. सेकंदाला 2600 कंपनांचा तो सूर होता. लांबच्या तारा मोकळ्या आहेत हे कंपनीची यंत्रे एकमेकांना त्याच सुराने सांगत, आणि तेही माणसे जिथून बोलत त्याच तारेवरून! म्हणजे मालक आणि पाहुणा एकाच दाराने ये-जा करणार, आणि ओळख काय, तर खाकरण्याचा आवाज. ज्याला तसे खाकरता आले, तो मालक. जॉन ड्रेपर नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने न्याहारीच्या पाकिटात फुकट मिळणाऱ्या शिटीतून तोच सूर काढला. हे सूर काढणाऱ्या घरगुती यंत्राला 'निळी पेटी' म्हणत. ऑक्टोबर 1971 मध्ये एका मासिकात त्यावर लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज या दोन तरुणांनी निळ्या पेट्या बनवून विकल्या. पुढे त्यांनी कोणती कंपनी काढली हे मी सांगायला नको. सगळ्यांत गमतीची गोष्ट ही, की सुरांचे हे सारे तपशील कंपनीने आपल्याच तांत्रिक नियतकालिकात 1960 साली छापून टाकले होते.

हे वाचून मला फार बरे वाटले. आपल्या चुकीला थोरामोठ्यांची संगत मिळाली, की ती चूक राहत नाही, परंपरा होते! त्या मुलांचेही म्हणणे तेच: तार रिकामी होती, आम्ही तिच्यावरून बोललो, कोणाचे काय गेले? त्यांतला तो आंधळा मुलगा तर पैशांसाठी हे करीतच नव्हता म्हणतात. टेलिफोनचे जाळे हे त्याचे जग होते. डोळसांनी गावे पाहावीत तशी त्याने एक्स्चेंजे ऐकली. 1971 साली त्याला मेम्फिस शहरात अटक झाली, आणि नंतर त्याने टेलिफोन कंपनीतच नोकरीही केली. अशा माणसाला चोर म्हणायला जीभ रेटत नाही.

पण प्रश्न जिभेचा नाही. आमच्याच जिल्ह्यात अमळनेरला 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तिथल्या एखाद्या पंडितापुढे मी हे प्रकरण ठेवले असते, तर त्याने बहुधा विचारले असते, "सगळ्यांनीच असे केले तर?" प्रश्न बिनतोड आहे, पण तो अपराध्याला हलवत नाही. कारण सगळे तसे करणार नाहीत, या भरवशावरच तर अपराधी ते करीत असतो.

म्हणून मी आपला घरगुती दाखला घेतो. रात्रीची शेवटची एस.टी. धुळ्याला अर्धी रिकामी जाते. ती जाणारच आहे. डिझेल जळणारच आहे. मी तिकीट न काढता मागच्या बाकावर बसलो, तर महामंडळाचे काय गेले? हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. पण पारोळ्याला तपासनीस चढला, तर तो पहिल्याने कोणाला विचारील? कंडक्टरला. दंड मला होईल, पण चौकशी त्याची लागेल. महामंडळाचे काही गेले नसेल. त्या बिचाऱ्याचे मात्र जाऊ शकते. रिकामा बाक मला दिसला, त्या बाकाचा हिशेब देणारा माणूस मला दिसला नाही.

याउलट आपण सर्वांनी केलेली एक गोष्ट घ्या. पाहुणे गावाला निघाले, की आपण सांगत असू, "पोहोचलात की दोन रिंगा द्या, आम्ही उचलणार नाही." पैसा न देता निरोप पोहोचे. पुढे मोबाइल आल्यावर त्याचाच मिस्ड कॉल झाला. ही चोरी काय? मला तसे वाटत नाही. न उचललेल्या फोनला आकार नाही, हा नियम खात्यानेच केलेला. आपण तो उघडपणे, एकमेकांच्या संमतीने वापरला, आणि त्यापायी कोणाच्या नावावर काही चढले नाही. तेव्हा फुकट मिळणे हे पाप नव्हे. फुकट मिळालेल्याची किंमत कोणाच्या नावावर लिहिली जाते, हे पाहिले पाहिजे.

माझ्या पंचवीस टिचक्यांची किंमत कोणाच्या नावावर लिहिली गेली, ते आता सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर टेलिफोनचे बिल आले. त्या काळी बिलात कोणता फोन कुठे केला याची यादी नसे. मीटर किती पुढे गेला तेवढा आकडा. तो आकडा शेटजींना फार वाटला. डायलच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच: एक शेटजींच्या जानव्याला, दुसरी दिवाणजींच्या कमरेला. दिवाणजी पेढीवर वीस-बावीस वर्षे होते, आणि त्यांचे बिऱ्हाड, मुलेबाळे, सारे धुळ्याला. कुलूप लावलेल्या टेलिफोनवरून बोलता येते, हे शेटजींच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. मग राहिले कोण?

शेटजी भले गृहस्थ होते. ते ओरडले नाहीत, पैसे कापले नाहीत, नोकरीवरून काढले नाहीत. एवढेच म्हणाले, "दिवाणजी, किल्ली माझ्याजवळच राहू द्या." दिवाणजींनी करगोट्याची गाठ सोडून किल्ली काढून दिली. मी जिन्यावर उभा होतो. ती गाठ सुटायला फार वेळ लागला.

लक्ष्मीपूजनाला पेढीवर नव्या वह्यांची पूजा होई. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढायचा मान दरवर्षी दिवाणजींचा. त्यांचे अक्षर मोत्यांसारखे होते. त्या वर्षी शेटजींनी दौत आणि टाक आपल्या मुलाच्या हाती दिला. कोणी काही बोलले नाही. दिवाणजींनी प्रसादाचे बत्तासे घेतले, सर्वांना नमस्कार केला, आणि महिन्याभरात "आता डोळे साथ देत नाहीत" असे सांगून ते धुळ्याला निघून गेले.

आणि मी? मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो, तर आईला कळले असते की शेटजींनी परवानगी दिलीच नव्हती. तिच्यासाठी गप्प बसलो, असे मी कितीतरी वर्षे स्वतःला सांगत आलो. पण आई ही माझी ढाल होती. जखम दिवाणजींना झाली.

टेलिफोनच्या इतिहासात एक गोष्ट सांगतात. माणसाच्या मदतीवाचून फोन जोडणारे एक्स्चेंज अमेरिकेत स्ट्रॉजर नावाच्या इसमाने काढले. त्याचे पेटंट 1891 चे. हा इसम अंत्यविधीचे सामान पुरवणारा. ऑपरेटरबाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला आणि त्याने बाईच काढून टाकणारे यंत्र बनवले, अशी आख्यायिका आहे. माणसावर विश्वास नको म्हणून यंत्र आले. ते यंत्र आमच्यासारख्या पोरांनी फसवले. आणि यंत्र फसले, तेव्हा संशय फिरून माणसावरच आला. त्यातही जो सर्वांत जवळचा आणि सर्वांत गरीब, त्याच्यावर.

मग प्रश्न पडतो, की नियम मोडून तारेवरून वा हवेतून आवाज पाठवणारे सारेच अपराधी काय? 1942 च्या ऑगस्टात मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी चोरून काँग्रेस रेडिओ चालवला. तेही जमवाजमव करून उभे केलेले यंत्र, तेही कायद्याविरुद्ध, तेही लपूनछपून, आज या जागी तर उद्या त्या जागी. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. महिनोन्महिने चौकशी झाली; उषाताईंनी तोंड उघडले नाही, आणि चार वर्षांची शिक्षा भोगायला त्या गेल्या. गप्प मीही बसलो आणि गप्प त्याही बसल्या. पण त्यांच्या मौनाने दुसऱ्यांवरचे संकट स्वतःवर ओढून घेतले, आणि माझ्या मौनाने माझ्यावरचे दुसऱ्यावर ढकलले. मौन दोन्हीकडे सारखेच दिसते. बिल कोणाच्या नावाने आले ते पाहावे लागते.

नोकरीला लागल्यावर, म्हणजे दहाएक वर्षांनी, मी धुळ्याला दिवाणजींकडे गेलो. आग्रा रोडच्या एका गल्लीत त्यांच्या मुलाने एस.टी.डी.-पी.सी.ओ. थाटला होता. काचेच्या खोक्यात गिऱ्हाईक बोलत होते, वर लाल आकडे पळत होते, आणि बाहेर स्टुलावर दिवाणजी बसले होते. बोलणे संपले, की यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघे: नंबर, वेळ, रुपये, पैसे. ती फाडून ते गिऱ्हाइकाला देत आणि तो आकडा एका वहीत मोत्यांसारख्या अक्षरात उतरवून घेत. यंत्र छापतच होते. तरी ते लिहीत होते.

मी सारे सांगितले. टिचक्या, आई, ताई, सारे. ते शांतपणे ऐकत होते. मधे एक गिऱ्हाईक आले, त्याचे पैसे घेतले. मग म्हणाले, "शेटजींना सांगितलेस?"

"नाही. ते गेले दोन वर्षांपूर्वी."

"मग भाऊ, मला सांगून काय उपयोग? मी चोर नाही, हे मला ठाऊकच होते. ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना सांगायचे होतेस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मी क्षमा मागून हलका झालो असतो. त्यांनी चहा मागवला, आईची प्रकृती विचारली, ताईच्या मुलांना बोलावणे केले. आज ना दिवाणजी आहेत, ना आई.

परत आल्यावर मी शेटजींच्या मुलाकडे गेलो. ज्याने त्या वर्षी 'श्री' काढला होता त्याच्याकडे. मी सांगत असताना तो हिशेब तपासत होता. संपल्यावर तो मोकळेपणाने हसला. "अहो, किती जुनी गोष्ट! बिल बाबांनी तेव्हाच भरून टाकले. आता कोणाचे काय गेले?"

तर ही सारी हकीकत मी गेल्या दिवाळीत त्या चौदा वर्षांच्या मुलाला सांगितली. तो हुशार आहे. म्हणाला, "पण आबा, नेटचे तसे नसते. ते अनलिमिटेड असते. बिल वाढत नाही." मला त्यातले काही कळत नाही, आणि मी वादही घातला नाही. फराळाचे एक ताट भरून त्याच्या हाती दिले आणि म्हणालो, "असे असेल तर मग सांगायला हरकत नाही. जाऊन सांगून ये."

तो गेला. परतला तेव्हा ताट रिकामे होते आणि चेहरा उतरलेला. शेजारी रागावले नव्हते; हसलेच होते. पण त्यांच्या घरात नेट फार हळू चालत होते, आणि ते गेले चार दिवस आपल्या मुलीलाच रागे भरत होते, की तूच रात्रंदिवस काहीतरी बघत बसतेस. तिचा मोबाइलही त्यांनी काढून घेऊन कपाटात ठेवला होता. हा जाऊन बोलला, तेव्हा तो तिला परत मिळाला.

त्याला निदान चौथ्या दिवशी जाता आले. मला उशीर झाला, आणि ज्यांना सांगायचे ते राहिले नाहीत. पण त्या आळीत त्या वर्षी वहीपूजनाला जमलेले काहीजण अजून आहेत. त्यांच्या घरी दिवाळी अंक येत असतील, म्हणून इथे लिहितो: त्या बिलातले धुळ्याचे फोन दिवाणजींनी केले नव्हते. ते मी केले होते.